अंगणवाडीच्या मदतनीस मावशींना

मावशी,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस झालं गं" म्हणत भांडी घासायला घेता, म्हणून हे लिहितेय. तुमच्या सुनेला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवील.

आमची चिमी डाउन सिंड्रोमची. बसली उशिरा, चालली उशिरा, बोलणं अजून दोन-चार शब्दांचं. तेवढं लोक समजून घ्यायचे, पण डायपर काही कुणाच्या पचनी पडेना. नाशकातल्या एका नर्सरीनं तर "डायपर सुटलं की आणा" म्हणून दारातूनच परत लावलं. गिरणाऱ्याच्या अंगणवाडीत आणली तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "खाते काय आवडीनं?" आणि चड्डी ओली झाली तर? "धुवायची. त्यात काय एवढं?"

खिचडी खाऊन झाली की तुम्ही तिला पॉटवर बसवायचात, पायाखाली जुना पाट सरकवून. सिव्हिलच्या थेरपिस्ट ताईंना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतरचीच वेळ धरायची, म्हणाल्या. आणि या मुलांचे स्नायू सैल, पाय लोंबकळत राहिले तर जोर कुठून लावणार? पाटानं गुडघे वर येतात. पाच मिनिटांत नाही झाली तर उठवायचं, रागवायचं नाही, हेही तुमचं आधीपासून चालूच होतं.

बद्धकोष्ठाचं मात्र डॉक्टरांनीच बघितलं. आतड्यात कडक शी साठली की ती मूत्राशयावर दाबते, म्हणून चड्डीही सारखी ओली. आधी औषधानं पोट मोकळं केलं, थायरॉइडची तपासणी करून घेतली. डाउनच्या मुलांत तो त्रास बराच आढळतो. मग रोज भरपूर पाणी आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. द्राक्षाच्या गावात राहून हे आम्हाला डॉक्टरांनी सांगावं लागलं!

पण मावशी, तुमची खरी कमाल तिची खूण हेरण्यात. शी आली की चिमी खेळता खेळता थबकायची, भिंतीशी जाऊन फ्रॉकची कड मुठीत आवळायची. एवढ्या पोरांच्या गलक्यात, हातात डाव असताना, ते तुमच्या नजरेला कसं पडलं देव जाणे. दर वेळी तुम्ही तिची ती मूठ सोडवून हात पोटावर थोपटायला लावायचात, "शी आली?" विचारायचात, मगच पॉटकडे न्यायचात. असं किती दिवस केलंत! आता ती आपणहून पोटावर थाप मारते. शूला पण तीच थाप, त्यामुळे कधी कधी आमची उगाच पळापळ होते. चालतंय.

२०२३ च्या डिसेंबरात तुमचा संप सुरू झाला, अंगणवाडीला कुलूप लागलं. मला वाटलं, संपलं, आता सगळं पहिल्यापासून. तर मोर्चाहून येताना तुम्ही आमच्या दारात, "पाटावर बसवतेस ना गं?" मानधन वाढवून द्या म्हणून भांडायला गेलेली बाई वाटेत माझ्या पोरीच्या शीची चौकशी करते! तुमच्या कामाला 'मदत' आणि पैशाला 'मानधन' म्हणणाऱ्यांनी एक दिवस ते काम करून बघावं.

रात्री डायपर अजून लागतं. ताई म्हणतात, रात्रीचं सुटायला वेळ लागतो, घाई नको. बरं.

आता जूनमध्ये ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाईल. तिथल्या संडासाची कडी उंच आहे, तेवढी खाली लावून द्यायचं सरपंचांनी कबूल केलंय. पहिल्या दिवशी तुम्ही याल का सोबत? ती थाप कशी असते ते बाईंना तुम्हीच दाखवा, माझ्यापेक्षा तुम्हाला नीट सांगता येईल. आणि येताना तो पाट घेऊन या, नवा मी करून देते.

तुमची,
चिमीची आई