संदेशावर तारीख हवी

स्वयंसेवी संस्थांनी समाजमाध्यमांवर अधिक सक्रिय व्हावे, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. सूचना योग्य आहे, पण रोज काहीतरी टाकत राहण्याचा त्यातील आग्रह पटला नाही. रक्तदानाचेच घ्या. ‘ओ निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज, कृपया पुढे पाठवा’ असा संदेश गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यात ना तारीख, ना गाव. दिलेल्या नंबरवर फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ वैतागून म्हणाले, ‘‘अहो, पेशंट घरी जाऊन वर्ष झालं!’’ त्यांचा तरी काय दोष?

दान केलेल्या रक्तातील प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) जेमतेम पाच दिवस टिकतात आणि एकदा रक्त दिल्यावर पुरुषांना तीन, तर महिलांना चार महिने थांबावे लागते. म्हणजे दात्याची एक फेरी वाया गेली, तरी नुकसान मोठे. रक्तदात्यांच्या संस्थांनी आपल्या प्रत्येक आवाहनावर तारीख, वेळ, रुग्णालय आणि रक्तगट ठळक लिहावा. मुख्य म्हणजे गरज भागल्यावर तसे त्याच ग्रुपवर कळवावे आणि मूळ संदेश काढून टाकावा. आवाहन करण्यापूर्वी केंद्र सरकारच्या ‘ई-रक्तकोश’ या संकेतस्थळावर जवळच्या रक्तपेढीतील साठाही पाहता येतो. शिबिराचे हारतुऱ्यांचे फोटो नंतर टाकले तरी चालतील.

– एक नियमित रक्तदाता, सातारा