‘चार्ज’चा भार

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘आरोपपत्र दाखल’ आणि ‘आरोप निश्चित’ हे दोन मथळे मराठी वृत्तपत्रांत सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. सगळा दोष बातमीदाराचा नाही. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात दोन्हीकडे ‘चार्ज’च असतो आणि पान सोडायच्या घाईत तो दिसेल तसा मराठीत उतरतो. म्हणून या एका शब्दाविषयी थोडे सविस्तर.

हा शब्द मुळात गाडीतून आला. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी, तिच्यावर माल लादणे म्हणजे ‘कारिकारे’; तेच जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन ‘चार्ज’ झाले. ‘कार्गो’ त्याच घरातला. ‘कॅरिकेचर’ही, व्यंगचित्रात नाकावर जरा जास्तीचा माल लादलेला असतो, इतकेच. ‘लादणे’ हा अर्थ हाताशी धरला की पुढचे गोत आपोआप उलगडते. बंदुकीत दारू भरली, माणसावर काम सोपवले, त्याच्या माथी ठपका मारला, जमिनीवर कर्ज चढवले, गिऱ्हाइकाच्या नावावर पैसे मांडले, या सगळ्याला इंग्रजीत ‘चार्ज’. आपला ‘भार’ही याच वाटांनी हिंडला आहे: कार्यभार, पदभार, अधिभार, प्रभार. तेव्हा मराठीत शब्दांची टंचाई नाही. अडते ते कोणता कुठे वापरायचा यावर.

सर्वांत जास्त घोटाळा कोर्टाच्या बातम्यांत होतो. तक्रार आली की पोलीस गुन्हा नोंदवतात. इंग्रजीत तिथे ‘बुक्ड’ असते, ‘चार्ज्ड’ नव्हे. तपास संपल्यावर पोलीस जो अहवाल न्यायालयात देतात ते आरोपपत्र, पोलिसांच्या भाषेत दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते दाखल झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून या तारखेला बातमीत महत्त्व असते. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि खटला चालवण्याजोगे काही आहे असे वाटले तर आरोप निश्चित करतात. ते आरोपीला वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. या दोन टप्प्यांमध्ये कधी कधी वर्षे जातात. ‘चार्जशीट’ पोलिसांची, ‘चार्ज’ न्यायालयाचा, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्म्या चुका टळतील. लंडनची बातमी असेल तर आणखी सावध राहावे. तिथे आरोप ठेवण्याचे काम पोलीस किंवा सरकारी अभियोक्ते करतात, त्यामुळे ‘चार्ज्ड’साठी ‘आरोप ठेवण्यात आले’ एवढेच लिहिणे बरोबर. ‘रिलीज्ड विदाउट चार्ज’ म्हणजे आरोप न ठेवता सोडले. हे वाक्य भाषांतराच्या यंत्राकडे दिले, तर बिचाऱ्याची विनाशुल्क सुटका व्हायची.

पैशांच्या बातम्यांत ‘चार्ज’ला दरवेळी ‘शुल्क’ लावण्याची सवय आहे. घरचे विजेचे बिल काढून पाहावे: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि मग वेगळ्या ओळीत वीज शुल्क. पहिले सगळे ‘चार्ज’ आहेत, म्हणजे पुरवठ्याचा मोबदला. शेवटचे इंग्रजीत ‘ड्यूटी’, म्हणजे सरकारचा कर. घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के. बिलाने जपलेला हा फरक बातमीने पुसला, की दरवाढ कंपनीने केली की सरकारने कर वाढवला, हेच वाचकाला कळत नाही. ‘सरचार्ज’ला ‘अतिरिक्त शुल्क’ म्हणण्यातही असाच धोका आहे. तो अधिभार, म्हणजे करावरचा कर. वैयक्तिक उत्पन्न ५० लाखांच्या वर आणि एक कोटीपर्यंत असेल तर १० टक्के अधिभार लागतो, पण तो प्राप्तिकराच्या रकमेवर, उत्पन्नावर नाही. प्राप्तिकर १३ लाख झाला तर अधिभार एक लाख ३० हजार. कंपन्यांच्या तिमाही निकालांत ‘वन-टाइम चार्ज’ येतो. तिथे कुणी कुणाला शुल्क लावलेले नसते. तो एकवेळचा खर्च किंवा तोट्यासाठी केलेली तरतूद असते.

जमिनीच्या व्यवहारात ‘चार्ज’ म्हणजे बोजा. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज घेतले की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद होते आणि फेडल्यावर बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. शेतकऱ्याला हा शब्द पाठ असतो, भाषांतरकाराला नसतो. तो ‘गहाण’ लिहून मोकळा होतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये ही दोन वेगळी कलमे आहेत, ५८ आणि १००. गहाणात मिळकतीतला काही हक्क सावकाराकडे जातो. बोज्यात जात नाही, मिळकत फक्त रकमेला तारण राहते.

‘प्रभारी’ची गंमत वेगळीच. आपल्या सरकारी मराठीत प्रभारी म्हणजे कायमचा माणूस येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा, जसे प्रभारी मुख्याध्यापक. हिंदीत मात्र ‘थाना प्रभारी’ हा ठाण्याचा पक्का प्रमुख. हिंदी बातमीतून किंवा इंग्रजी ‘इनचार्ज’वरून तो शब्द उचलला, की धडधाकट ठाणेप्रमुख मराठी वाचकाला हंगामी वाटू लागतो. राजकीय पक्षांचे ‘महाराष्ट्र प्रभारी’ तर आता इतके रुळले आहेत की त्यांना हलवणे अशक्य. पण बाकी ठिकाणी ‘प्रमुख’ लिहावे, आणि तात्पुरत्या जबाबदारीला ‘अतिरिक्त कार्यभार’. ‘टुक चार्ज’ला पदभार स्वीकारला, सूत्रे हाती घेतली, असे दोन चांगले पर्याय आहेतच.

हल्ल्याच्या अर्थाला शब्द हवे तितके. घोडदळ चाल करून जाते, गवा अंगावर धावून येतो, बैल मुसंडी मारतो. ‘लाठीचार्ज’ हे मात्र खास हिंदुस्थानी इंग्रजीचे अपत्य. त्याला लाठीमार पुरेसा आहे. (‘माइल्ड’चा ‘सौम्य’ किती सौम्य होता, ते पाठीला विचारावे.)

शास्त्रात ‘चार्ज’ला भार का म्हणत नाहीत, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सोपे आहे. विजेच्या व्यवहारात भार हा ‘लोड’साठी आधीच खर्ची पडला आहे, म्हणून तर भारनियमन. पाठ्यपुस्तकांत धन प्रभार, ऋण प्रभार आहेत, तेच बातमीत ठेवावेत. मोबाइल मात्र चार्जिंगलाच लावावा. तो ‘प्रभारित’ करायला गेलेला माणूस घरातल्या पोरांच्या हसण्याचा धनी होतो.

अडले तर शब्दाकडे न पाहता त्याच्या शेजाऱ्याकडे पाहावे. पुढे ‘विथ’ असेल तर बहुधा आरोप, ‘फॉर’ असेल तर बहुधा पैसे, ‘ॲट’ असेल तर चाल. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने वाक्य उलटे होते: पहिल्यात नर्स मुलाला सांभाळते, दुसऱ्यात मूल नर्सच्या हवाली असते. ते सांभाळायला दिलेले मूलही इंग्रजीत ‘चार्ज’च, त्यामुळे ‘हर चार्जेस’ म्हणजे तिच्यावरचे आरोप समजू नयेत.

‘डिस्चार्ज’चेही असेच. रुग्णाला घरी सोडतात, जखमेतून स्राव येतो, सैनिक सेवामुक्त होतो. कोर्टात आरोप निश्चित होण्यापूर्वीच सुटका झाली तर ती आरोपमुक्ती. खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता. दोन्हीला ‘दोषमुक्त’ लिहिले की फरक बुडतो, आणि फरक लहान नाही: आरोपमुक्त झालेल्यावर नवा पुरावा मिळाल्यास पुन्हा खटला उभा राहू शकतो. धरणाच्या बातमीत ‘डिस्चार्ज’ म्हणजे विसर्ग, आणि तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. त्यात ‘सेकंदाला’ आधीच आलेले आहे. म्हणून ‘प्रतिसेकंद १० हजार क्युसेक’ किंवा ‘दिवसभरात १० हजार क्युसेक पाणी सोडले’ हे दोन्ही चूक. ‘१० हजार क्युसेकने विसर्ग सुरू’ हे बरोबर. पावसाळ्यात नदीकाठची माणसे ही ओळ वाचून गुरे हलवायची की नाही ते ठरवतात.

कळावे.

आपला,
एक अनुवादक, सातारा