'पुरेशी' या शब्दावर काट मारल्याबद्दल

डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण असाच एखादा मसुदा हातात घेऊन आज कुणीतरी बसलेलं असेल, त्यांनाही ते वाचता यावं. आभार तुमचेच आहेत. तुम्ही दिलेलं आमच्यापुरतं झाकून ठेवणं मात्र बरं दिसत नाही.

पिल्लांच्या कारखान्यांना, म्हणजे विक्रीसाठी कोंडून ठेवून कुत्र्यांची घाऊक पैदास करणाऱ्या धंद्यांना, आळा घालणाऱ्या कायद्याच्या आमच्या पहिल्या मसुद्यात कलम ४ असं होतं: 'प्रत्येक कुत्र्यास पुरेशी जागा, योग्य अन्न, स्वच्छ पाणी व आवश्यकतेनुसार वैद्यकीय उपचार देण्यात येतील.' वाचायला झकास. तुम्ही लाल पेन्सिलीने 'पुरेशी', 'योग्य' आणि 'आवश्यकतेनुसार' यांवर काट मारलीत आणि समासात तीनच शब्द लिहिलेत: 'किती? कोण मोजणार?'

त्या तीन शब्दांनी सगळा मसुदा पालटला. 'पुरेशी' या शब्दावर खटला उभा राहत नाही. समोरचा वकील एवढंच म्हणतो की माझ्या अशिलाच्या मते जागा पुरेशी होती, आणि तपासनिसाचं मत विरुद्ध मालकाचं मत असा सामना सुरू होतो. आकडा असला की टेप काढायची, मोजायचं आणि लिहायचं.

अमेरिकेच्या १९६६च्या प्राणी कल्याण कायद्याखाली पिंजऱ्याचं जे सूत्र आहे, ते तुम्ही आम्हाला सोडवायला लावलंत. कुत्र्याची नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी इंचात घ्या, त्यात ६ मिळवा, वर्ग करा, १४४ने भागा. येतील तेवढे चौरस फूट. २४ इंची कुत्र्याला ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० चौरस इंच, म्हणजे सव्वासहा चौरस फूट. उंची म्हणाल तर डोक्यावर ६ इंच मोकळे. आम्ही खूश झालो, आकडा मिळाला! तेव्हा तुम्ही विचारलंत, 'या जागेत तो वळेल. चालेल का?' वळून उभं राहण्यापलीकडे काही करता येणार नाही इतक्या जागेत एखादं जनावर सगळा जन्म काढू शकतं आणि मालकाचा परवाना शाबूत राहतो, हे तेव्हा लक्षात आलं. कायद्यातलं किमान माप हेच धंद्यातलं कमाल माप होऊन बसतं. म्हणून आता मसुद्यात पिंजऱ्याच्या मापाबरोबर मोकळं पटांगण, रोज किती वेळ, आणि बाहेर काढल्याची वेळेसह नोंद हे तिन्ही आहे.

जमिनीबद्दलही तसंच. तारेची जाळी वापरतात ती झाडलोट वाचवायला. घाण खाली पडते, पिंजरे एकावर एक असले तर खालच्या कुत्र्याच्या अंगावर पडते. बोटांच्या बेचक्यात जखमा होतात, नखं झिजत नाहीत म्हणून वळून पंजाच्या गादीत रुततात, पिल्लांचे पाय जाळीतून खाली जातात. आम्ही 'जाळी सुरक्षित असावी' असं लिहिलं होतं. तुम्ही सुचवलेली ओळ: 'झोपण्याची व उभे राहण्याची संपूर्ण जागा भरीव, कोरडी राहील इतक्या उताराची.' उताराचा आकडाही परिशिष्टात घ्यायला लावलात.

वेतांचा हिशेब हा आमचा सगळ्यात कच्चा भाग होता. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गाभण राहिली की ६३ दिवसांच्या आसपास विते. म्हणजे अडवणारं कुणी नसेल तर वर्षाला दोन वेतं. वीस कुत्र्या, दोन वेतं, वेताला सरासरी पाच पिल्लं धरली तर वर्षाला दोनशे पिल्लं. 'बारा महिन्यांत एकच वेत' या एका ओळीने ती शंभरावर येतात. इंग्लंडच्या २०१८च्या परवाना नियमांत हे आहे: बारा महिन्यांत एकच वेत, वयाचं एक वर्ष भरण्याआधी जोड नाही, जन्मभरात सहापेक्षा जास्त वेतं नाहीत. भारताच्या २०१७च्या श्वान प्रजनन नियमांत वय अठरा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंत आणि जन्मभरात पाच वेतं. आकडे कागदावर आहेत, पण कुठली कुत्री कधी व्यायली हे लिहिणारी वही असते मालकाच्याच हातात. इथेच बहुतेक कायदे कोलमडतात.

यावर तुम्ही दिलेला उपाय इतका साधा की लाज वाटली. पिल्लाच्या नोंदीत आईच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख बंधनकारक करा. मग तपासणीला जाण्याआधी कार्यालयात बसूनच कळतं. एकाच आईच्या क्रमांकावर बारा महिन्यांच्या आत दोन तारखा आल्या की नोटीस. शिवाय तुम्ही बिलं मागायला शिकवलंत. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १८० ते २०० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. अशी चाळीस कुत्री असतील तर दिवसाला सात-आठ किलो, महिन्याला दोनशे किलोंच्या वर. पाजणाऱ्या कुत्रीला दुप्पट-तिप्पट, ते वेगळंच. बिलं शंभर किलोंची निघाली तर एकतर कुत्री उपाशी आहेत किंवा वही खोटी आहे. दोन्ही गुन्हेच. लसींच्या कुप्या आणि पिल्लांची संख्या यांचाही असाच ताळा लागतो.

प्रत्यक्ष तपासणीचा तुमचा क्रम आम्ही प्रशिक्षणाच्या कागदावर जसाच्या तसा छापलाय: आधी नाक, मग पाणी, मग पंजे. दार उघडल्यावर पहिल्याच मिनिटात अमोनियाच्या, म्हणजे साचलेल्या मुताच्या, वासाची नोंद करायची, कारण थोड्याच वेळात नाक सरावतं आणि तोच माणूस 'वास विशेष नाही' असं लिहून मोकळा होतो. मापक असेल तर तो कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर धरायचा, आपल्या नाही. पाण्याच्या भांड्यात बोट फिरवायचं. तळ बुळबुळीत लागला तर ते भांडं आज सकाळी घासलेलं नाही, सांगणारा काहीही सांगो. मग चारही पंजे उलटे करून बघायचे, ओठ वर करून दात बघायचे, केसांच्या गुठळ्यांखाली हात घालून बरगड्या चाचपायच्या आणि एक (हाडं दिसणारं) ते नऊ (अतिलठ्ठ) या मापावर अंगलटीचा अंक लिहायचा. चार-पाच म्हणजे ठीक. प्रत्येक फोटोत पिंजऱ्याचा क्रमांक आणि मोजपट्टी. फोटो कितीही काळीज हलवणारा असला, तरी क्रमांक नसेल तर तो कोर्टात नुसता फोटोच राहतो.

विक्रीच्या पळवाटांबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही थोडक्यातच सांगितलंत. इंग्लंडात ६ एप्रिल २०२०पासून सहा महिन्यांखालची पिल्लं मधल्या विक्रेत्याला विकता येत नाहीत. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून २०१३मध्ये सुटलेल्या लूसी नावाच्या कॅव्हॅलियर जातीच्या कुत्रीच्या नावाने तो कायदा ओळखला जातो. पिल्लू आईजवळच दाखवायचं, ही त्यातली मेख. मग भाड्याची आई आणून बसवतात. तुमची खूण आम्हाला पाठ आहे: खऱ्या आईची आचळं ओघळलेली असतात आणि पिल्लं तिच्याकडे धावतात, भाड्याची आई अंग चोरते, कधी गुरगुरते. तरी भरवसा ठेवायचा तो चिपच्या क्रमांकावर. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९पासून दुकानांना फक्त शेल्टर (निवारे) किंवा रेस्क्यू (प्राणी सोडवून त्यांना घर शोधून देणाऱ्या) संस्थांकडचीच कुत्री ठेवायची मुभा उरली, तर कारखान्यांची पिल्लं 'रेस्क्यू' नावाच्या कागदी संस्थांमार्फत दुकानात येऊ लागली. ते बुजवायला २०२०मध्ये दुसरा कायदा करावा लागला. व्याख्यांचं कलम सगळ्यांत कंटाळवाणं म्हणून आपण ते शेवटी, दमल्यावर लिहितो, आणि गळती तिथूनच होते. आमच्या मसुद्यात 'ब्रीडरकडून पैसे अथवा मोबदला देऊन प्राणी घेणारी संस्था रेस्क्यू संस्था मानली जाणार नाही' ही ओळ आता पहिल्याच पानावर आहे.

खरे आभार मात्र निवाऱ्यांच्या प्रकरणाबद्दल मानायचे आहेत. तिथे आम्ही नुसते संतापलेलो होतो. दुर्लक्ष करणारे निर्दय असणार, त्यांना शिक्षा वाढवा, एवढंच आमचं म्हणणं. तुम्ही पाटीवर दोन गणितं मांडलीत.

पहिलं माणसांचं. निवाऱ्यातल्या प्रत्येक प्राण्यामागे रोज किमान पंधरा मिनिटं लागतात: नऊ सफाईची, सहा खाऊ घालण्याची. ऐंशी प्राणी म्हणजे वीस तास. एका माणसाचे कामाचे खरे तास सहा धरले तर चार माणसं, रोज, सुट्टीच्या दिवशीही. फिरवणं, औषधं, फोन घेणं यात धरलेलंच नाही. जिथे ऐंशी प्राण्यांना दोन माणसं आहेत तिथे वीसपैकी आठ तासांची कामं होणार नाहीत हे सकाळी आठ वाजताच ठरलेलं असतं.

दुसरं गणित दिवसांचं. रोज येणारे प्राणी गुणिले सरासरी मुक्काम, म्हणजे निवाऱ्यातली गर्दी. रोज दहा येतात आणि चौदा दिवस राहतात, तर १४० जागा हव्यात. मुक्काम एकवीस दिवसांवर गेला की २१०. येणारे तेवढेच, तरी सत्तर प्राणी जास्त! आणि तो आठवडा कशात जातो? नसबंदीची तारीख मिळण्यात, सहीसाठी, फोटो काढून माहिती टाकण्यात. गर्दी वाढली की आजार वाढतो, आजाराने मुक्काम लांबतो, मुक्कामाने गर्दी. म्हणून आमच्या कलमात आता मंजूर क्षमता पिंजरे मोजून ठरत नाही. पिंजरे आणि माणसांचे तास यांतला जो आकडा लहान तो धरायचा, आणि सरासरी मुक्काम दर महिन्याला दारावर लावायचा. बहुतेक ठिकाणी 'नाही' म्हणता न येणारी भली माणसंच असतात. हा आकडा त्यांच्याही बाजूने बोलतो.

सफाईचं परिशिष्ट तर तुमचंच. कुत्र्यांना जीवघेणे जुलाब लावणारा पार्वो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलसारख्या वासाच्या द्रवांनी त्याला काही होत नाही. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी बत्तीस भाग, म्हणजे लिटरला साधारण तीस मिलिलिटर. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं. सगळीकडे चुकतं ते त्याच्या आधी: विष्ठा आणि चिकटा साबणाने काढलाच नाही तर ब्लीच त्या घाणीवरच खर्ची पडतं. दुसरी चूक पाइपची. जोराच्या फवाऱ्याने घाण शेजारच्या पिंजऱ्यात उडते, आणि कुत्रं आतच असेल तर भिजून गारठतं. म्हणून दोन कप्प्यांचा पिंजरा, मधे वर सरकणारं दार. कुत्रं एका बाजूला, झाडू दुसऱ्या बाजूला. प्राणी दाखल होताना लस, त्याच तासाला. 'डॉक्टर गुरुवारी येतात' हे कारण आमच्या नियमात चालणार नाही. पिल्लांना चार ते सहा आठवड्यांपासून सुरू, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, पाचेक महिन्यांची होईपर्यंत. साफ करायचा क्रम निरोगी पिल्लांपासून आजाऱ्यांकडे, उलटा कधीही नाही.

छाप्यानंतर काय, हा प्रश्नही तुमचाच. कारखान्यातून शंभर-सव्वाशे कुत्री सुटतात, टाळ्या वाजतात, आणि ती सगळी मुद्देमाल म्हणून एखाद्या भरलेल्या निवाऱ्यात जाऊन पडतात. खटला संपेपर्यंत कुणाला देता येत नाहीत. एका कायद्याने दुसऱ्या कायद्याचा गुन्हा घडवायचा, असाच तो प्रकार. भारतात २०१७मध्ये अशा जप्त प्राण्यांच्या देखभालीसाठी वेगळे नियम आले, खर्चाची हमी आरोपीकडून घेण्यासाठी. आमच्या मसुद्यात आरोपीने तीस-तीस दिवसांचा खर्च आगाऊ भरायचा आहे. नाही भरला तर प्राण्यांवरचा हक्क गेला. दंडही आता दर प्राण्यामागे आहे. भारताच्या १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. एवढ्याशा रकमेला कारखानदार दंड म्हणत नाही, खर्चात धरतो.

आणि तपासणी अहवाल लोकांना दिसले पाहिजेत, हे कायद्यातच लिहा म्हणालात, कुणाच्या मर्जीवर ठेवू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने फेब्रुवारी २०१७मध्ये असे अहवाल संकेतस्थळावरून काढून टाकले. ते पुन्हा पूर्ण दिसायला २०२० उजाडलं, तेही संसदेने भाग पाडल्यावर. मिसुरी राज्यात २०१०मध्ये मतदारांनी पन्नास प्रजननक्षम कुत्र्यांची मर्यादा घातली होती, ती अमलात येण्याआधीच पुढच्या वर्षी विधिमंडळाने उडवली. त्यामुळे आमचं हरकतींचं वेळापत्रक मसुदा मंजूर होण्याच्या तारखेवर थांबत नाही, पुढे दोन वर्षं जातं.

सुधारित प्रत सोबत पाठवतोय. 'पुरेशी' कुठेही नाही, 'शक्यतो' नाही, 'आवश्यकतेनुसार' नाही. तीनदा शोधून पाहिलं. 'योग्य' मात्र एका ठिकाणी मुद्दाम ठेवलाय. कलम १७: 'जखमी अथवा आजारी प्राण्यास उपस्थित पशुवैद्यकाच्या मते योग्य ते वेदनाशामक, तपासणीपासून एका तासात.' औषध आणि मात्रा कायद्यात बांधली तर उद्या एखादा डॉक्टर नियमाला भिऊन चुकीची सुई देईल. किती वेळात हे आम्ही लिहिलंय, कोण ठरवणार हेही लिहिलंय. तुमचे दोन्ही प्रश्न त्यात भागतात असं आम्हाला वाटतं. तरी पटलं नाही तर पेन्सिल चालवा. हरकतींची मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत.

आपले,
मसुदा गटातले आम्ही सगळे