तीन बोटं

नाशिक,
१८ जानेवारी

प्रिय सुहास,

तुझं पत्र भोगीच्या दिवशी मिळालं, पण उत्तर राहूनच गेलं. थंडी मरणाची आहे. दवाखान्याचं शटर उचलताना बोटं आखडतात.

महिन्यातून दोनदा मी रिमांड होममध्ये पोरांचे दात तपासायला जातो, ते तुला माहीतच आहे. आता त्याला निरीक्षणगृह म्हणायचं आणि पोरांना विधिसंघर्षग्रस्त बालक. एवढा शब्द त्यातल्या निम्म्यांना उच्चारता यायचा नाही!

दिवाळीनंतर एक सोळा वर्षांचा पोरगा समोर बसला. नाव लिहीत नाही, कायद्यानेच बंदी आहे. ‘आ कर’ म्हटलं, तर दोन बोटं कशीबशी आत गेली. आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी जायला हवीत, करून बघ. गालाच्या आतून दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागले. नवव्या वर्षापासून सुपारी-तंबाखूचा मावा. आधी तिखट झोंबायला लागलं, मग यानं मिसळ सोडली. अरे, नाशिकच्या पोरानं मिसळ सोडली आणि घरात कुणी विचारलंसुद्धा नाही! हे दुखणं सुपारीचं, तंबाखू नसली तरी होतं. गाल एकदा चिवट झाला की पहिल्यासारखा मऊ होत नाही, आणि पुढे कॅन्सरची भीती.

“पुढे” म्हणताच तो म्हणाला, “डॉक्टर, पुढच्या तारखेला जामीन होईल का?” त्याचं पुढे तेवढंच.

पूर्वी मला वाटायचं, पोरांना धोका कळत नाही, म्हणून मी तक्ते घेऊन जायचो. कळतं रे त्यांना. रुमालावर पंक्चरचं सोल्युशन घेऊन हुंगणाऱ्या एकानंच मला सांगितलं, की त्याचा दोस्त हुंगून पळत सुटला आणि पळता पळता पडून गेला. मालेगावकडच्या पोरांना कुत्ता गोळीनं, म्हणजे नशेसाठी घेतात त्या गुंगीच्या गोळीनं, काय होतं ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एकाच सुईनं चौघांनी हातावर नावं गोंदून घेतली, तेव्हा काविळीचं मी सांगितलं. त्यावर एक शांतपणे म्हणाला, “मग काय, चौघं मिळून जाऊ.” ब्लेडच्या जुन्या वारांबद्दल तर मी विचारणंच सोडलंय.

अल्पवयीनाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून. एकदा एका टपरीवाल्याला हे कलम ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्यासाठी काय लावू?”

आत आल्यावर सगळं एकदम तुटतं. पहिले चार-पाच दिवस झोप नाही, डोकं ठणकतं, ताटावरून मारामाऱ्या. नोंद होते ‘उद्धट वर्तन’ म्हणून. ती तलफ असते, हे मीही उशिराच ओळखलं. मग हळूहळू पोरं दोन वेळा पोटभर जेवायला लागतात. गाल भरतात, आणि नेमका तेव्हा जामीन होतो.

त्या पोराला मी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. गठ्ठा करून दातांत धरायचा, तोंड ताणायचं, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. बारापासून सुरुवात. काळजीवाहकांचं म्हणणं, पोरं काड्या घासून टोकदार करतील. त्यांचंही चूक नाही. मग ठरलं, की मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या आणि वहीत लिहायचं. नंतरच्या खेपेला तेरा झाल्या होत्या. त्या दिवशी त्यानं मला दारापर्यंत सोडलं, बोलला मात्र काही नाही.

परवा गेलो तर तो सुटला होता. पत्ता मी विचारला नाही, आणि मला कुणी दिलाही नसता. वही मात्र मागून घेतली. शेवटची नोंद होती : ‘काड्या १४. परत मिळाल्या नाहीत.’

वहिनींना नमस्कार. पोरांना तीळगूळ कुरिअरनं पाठवतोय.

तुझा,
विनू