मातीकडे परतणाऱ्यांसाठीही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रांतून छंदांविषयी जे लिहिले जाते, त्यात मातीकामाचा उल्लेख बहुधा मन शांत करणारा विरंगुळा म्हणून येतो, आणि एकदा अंगवळणी पडलेली कला हात कधी विसरत नाहीत असा दिलासाही त्यासोबत दिलेला असतो. 19 वर्षांच्या खंडानंतर मी गेल्या वर्षी पुन्हा चाकावर बसले. त्या अनुभवावरून सांगते की हा दिलासा अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग कोणी न सांगितल्यामुळे परतलेली अनेक माणसे महिन्याभरात निराश होऊन चाक पुन्हा झाकून ठेवत असावीत, असे मला वाटते.

हातांना आठवतो तो क्रम. गोळा चाकावर जोराने बसवणे, ओल्या तळव्यांनी तो मध्यावर आणणे, अंगठ्याने पोट उघडणे, आतली आणि बाहेरची बोटे समोरासमोर ठेवून भिंत वर घेणे, हे सारे पहिल्याच दिवशी न विचारता झाले. अंदाज मात्र गेलेला असतो. माती किती ओली आहे, बोटांमध्ये तिची जाडी किती उरली आहे, कुठे थांबायचे, हे हातांना कळेनासे होते. त्या दिवशी केलेले भांडे बाहेरून नेटके दिसत होते. तारेने ते उभे मधोमध कापले, तेव्हा भिंत तळाशी अंगठ्याएवढी जाड, मध्यावर पुठ्ठ्यासारखी पातळ आणि काठाशी पुन्हा जाड निघाली. पुढचे तीन आठवडे मी एकही भांडे ठेवले नाही. करायचे, कापायचे, छेद नीट पाहायचा आणि माती बादलीत परत टाकायची, एवढेच केले, आणि त्या तीन आठवड्यांनी मला जे परत दिले ते पूर्ण झालेल्या डझनभर भांड्यांनी दिले नसते.

त्यानंतर ठेवलेल्या पहिल्या सहा भांड्यांपैकी चारांच्या तळाला वाळताना नागमोडी चीर गेली. भिंत वर घेताना तिथली माती दाबली जाऊन घट्ट होते, तळाची माती मात्र सैल राहते. त्यात आत पाणी साचू दिले तर तळ मागाहून वाळतो आणि आधीच आकसलेल्या भिंतींच्या मध्ये अडकून तडकतो. उपाय साधा आहे: पोट उघडल्यावर तळ बोटाने मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेपासून मध्यापर्यंत दाबत न्यावा, साचलेले पाणी स्पंजने टिपावे, आणि भांडे खालून-वरून सारखेच वाळेल असे पालथे, सैल झाकून ठेवावे. पूर्वी मी हे रोज करत असे, पण का करते हे मला सांगता आले नसते. माझ्या शिक्षिका करून घेत, म्हणून होत असे. दुसऱ्यांदा शिकताना कारणासकट शिकायला मिळते, हा परतण्याचा मोठा लाभ आहे.

माझ्याकडे जुन्या मातीची एक पिशवी उरली होती, दगडासारखी कडक झालेली. ती टाकून द्यावी असे कोणालाही वाटेल. तिची ढेकळे पाण्यात सोडली, तेव्हा ती बारीक बुडबुडे सोडत कडांपासून पापुद्र्या-पापुद्र्याने सुटू लागली आणि थोड्याच वेळात बादलीच्या तळाशी मऊ लगदा जमला. पूर्ण वाळलेल्या ढेकळाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी शिरते, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि ढेकूळ आतून सुटते. अर्धवट ओला गोळा मात्र दिवसेंदिवस तसाच राहतो, म्हणून जुनी माती आधी पूर्ण वाळवावी. न भाजलेली माती अशी कितीही वेळा पूर्वपदावर येते. भट्टीत साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसदरम्यान तिच्या कणांत रासायनिक बंधाने राहिलेले पाणी निघून गेले, की मग ती पुन्हा मळता येत नाही. परतलेल्या माणसाने भाजण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगते ते एवढ्यासाठीच.

भाजायची वेळ येईल तेव्हा भांडे गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत पाणी आहे. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे 1,600 पट होते, आणि ती जाड तळातून वेळेत बाहेर पडू शकली नाही तर भांडे भट्टीत फुटते, शेजारच्यांनाही घेऊन जाते.

शरीराचाही विचार हवा. मोठा गोळा मध्यावर आणताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली, तेव्हा मी माती अधिक मऊ ठेवली, गोळा निम्मा केला आणि कोपर मांडीला टेकवून जोर हातांऐवजी धडातून लावला.

सर्वांत गंभीर गोष्ट धुळीची आहे, आणि छंदाच्या लेखांत ती क्वचितच आढळते. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि वर्षानुवर्षे ती श्वासावाटे जात राहिली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार जडू शकतो. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या कामाच्या खोलीत ही धूळ सगळीकडे बसलेली असते. तिथे केरसुणी फिरवू नये; ओल्या फडक्यानेच पुसून घ्यावे. जुन्या डब्यांतली, चिठ्ठी निघून गेलेली झिलई (भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा थर धरणारा लेप) खाण्यापिण्याच्या भांड्यांना मुळीच लावू नये, कारण काही जुन्या झिलयांत शिसे असते. बंद पडून राहिलेली विजेची भट्टी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नये.

मातीकामाचे वर्ग चालवणाऱ्यांना आपल्या पत्रामार्फत एक विनंती आहे. मी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी मला नवशिक्यांत बसवून चिमटीने वाटी करायला दिली, दुसरीकडे पहिल्याच दिवशी मोठी सुरई करायला सांगितली. दोन्हीकडची माणसे सद्भावनेने वागली, पण मला हवे होते ते चाक, तार, बादली आणि छेद पाहून 'इथे हात सुटला' असे सांगणारी अनुभवी नजर. परतणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक वेळ राखून ठेवावी, पहिला महिना एकही भांडे भाजू नये, आणि कापलेल्या भांड्यांचे छेद सर्वांनी मिळून पाहावेत, इतकी व्यवस्था झाली तरी पुरे. असा वर्ग कोणी सुरू करणार असेल, तर बादल्यांतली माती पुन्हा मळून तयार करण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेईन.

आपली नम्र,
एक वाचक