एसी कशाने बंद पडला

ऑरलँडो, फ्लोरिडा
दि. १४ जून

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारले होते की, आमचा एसी नेमका कशाने बंद पडला. आई शेजारीच बसलेली असल्यामुळे मी ‘किरकोळ बिघाड होता’ एवढेच सांगून विषय बदलला, कारण खरे कारण ऐकल्यावर तिने इकडे येण्याचे नावच काढले नसते. तेव्हा हे पत्र तुम्ही एकट्याने वाचावे.

इथे एसीचे मोठे यंत्र घरामागे, सिमेंटच्या लादीवर उघड्यावर बसवलेले असते. त्या दुपारी वळवासारखा पाऊस पडून गेला आणि नंतर घरातला पंखा फिरत असूनही हवा काही गार येईना. मेकॅनिकने बाहेरच्या यंत्राचे झाकण काढले, तेव्हा कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे यंत्राची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, पॉइंटमध्ये एक लहानसा सरडा जळून चिकटलेला दिसला. मला आपल्या विहिरीवरचा स्टार्टर आठवला. ऐन उसाच्या पाळीला मोटार धरेना म्हणून तुम्ही बॅटरी घेऊन गेला होता आणि आत पाल निघाली होती. इथला प्रकार तसाच आहे: घरातल्या थर्मोस्टॅटकडून २४ व्होल्ट आले की कॉइल पट्टी ओढते आणि २४० व्होल्टचे पॉइंट जुळतात, यंत्र बंद असताना त्या पॉइंटांमध्ये जी फट राहते, तिच्यात हे प्राणी शिरतात. पेटीत पाऊस लागत नाही आणि खायला मुंग्या मिळतात, मग त्यांना आणखी काय हवे? सुटा भाग स्वस्तात आला, मेकॅनिकच्या येण्याचेच पैसे जास्त झाले.

या सरड्यांना इथे अनोल म्हणतात. बोटांखाली पालीसारख्या चिकट गाद्या असल्या तरी गोत्राने ते पालीपेक्षा आपल्या सरड्याला जवळचे आहेत, आणि हिंडतातही दिवसाउजेडी. कुंपणावर, पाण्याच्या नळीच्या गुंडाळीवर, गवत कापण्याच्या यंत्राच्या मुठीवर, जिथे पाहावे तिथे एखादा बसलेला असतो. नर पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वरखाली होतो आणि गळ्याखालचा केशरी, पिवळ्या काठाचा पडदा पंख्यासारखा उघडतो. दुसरा नर समोर आला की दोघांचे हे प्रदर्शन बराच वेळ चालते. ते पाहताना मला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या आसपास दिसणारे, निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचे सरडे आठवतात. त्यांच्या गटाला २०१६ साली शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हाच आपला मराठी शब्द शास्त्रीय नाव म्हणून दिला, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आमच्या अंगणात दिसणारे बहुतेक सारे तपकिरी जातीचे असून ते मूळचे क्युबा आणि बहामा बेटांवरचे आहेत. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या कीज बेटांवर त्यांची पहिली नोंद १८८७ सालची आहे. इथला अस्सल रहिवासी म्हणजे हिरवा अनोल. त्याचा गळा गुलाबी असतो आणि तो स्वतः हिरव्याचा तपकिरी होतो, त्यामुळे पहिले काही महिने मी दोघांत गल्लत करत असे. पाहुणे जमिनीलगतची जागा बळकावून बसल्यामुळे घरधन्याला झाडावर वर सरकावे लागले आहे. इथून पूर्वेला समुद्रकाठच्या मस्किटो लगूनमधील लहान बेटांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तपकिरी सरडे आल्यावर काही महिन्यांतच हिरवे उंच फांद्यांवर गेले, आणि सुमारे २० पिढ्यांत, म्हणजे अवघ्या १५ वर्षांत, त्यांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या झाल्या. उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात असे आपण शाळेत शिकलो होतो! आमच्याकडचा एकुलता एक हिरवा ओक वृक्षावर, माझ्या डोक्याच्याही वर असतो. एसीपाशी तो मी कधीच पाहिलेला नाही, त्यामुळे आमचा गुन्हेगार तपकिरीच असणार.

शेजारी औषध फवारण्याचा सल्ला देतात, पण हे प्राणी झुरळे आणि कोळी खातात, मग मी त्यांच्यावर विष का घालावे? यंत्राच्या बाजूच्या जाळ्या बंद करता येत नाहीत, कारण यंत्र तिथूनच हवा आत ओढते. म्हणून मेकॅनिककडून एवढेच करून घेतले की, वीज तोडून वायर पेटीत शिरते ते भोक आणि झाकणाच्या फटी बुजवल्या.

परवा तुळशीची माती उकरताना कडेला एक पांढरे, लांबट, चवळीच्या दाण्याएवढे अंडे सापडले. कवच कडक नव्हते, चामड्यासारखे चिवट होते. मादी ओलसर मातीत एका वेळी एकच अंडे घालते, आणि उन्हाळाभर पुन्हा पुन्हा घालत राहते. मी ते न उलटवता होते तिथेच ठेवून वर माती सारली. आता सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या बाजूला हात आखडता घेतो.

आपल्या स्टार्टरच्या पेटीखालचे भोक अजून उघडेच असेल, तर पावसाचा जोर वाढण्यापूर्वी मेन स्विच काढून ते बुजवून घ्यावे. आईस नमस्कार सांगावा, पण पत्र दाखवू नये.

आपला आज्ञाधारक मुलगा