मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : गुरुवार ते सोमवार

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब नमस्कार. मी बुलढाणा जिल्ह्यातला, घाटाखालचा. घाटाखालचा म्हटलं की तुमच्या लक्षात आलंच असेल, खारपाणपट्टा, खारं पाणी, किडनीचे पेशंट. दर उन्हाळ्यात टीव्हीवाले येतात, बोअरचं पाणी ग्लासात भरून कॅमेऱ्यासमोर धरतात आणि निघून जातात. पाण्यावर लिहिणारे भरपूर आहेत म्हणून मी आज हार्टवर लिहितोय. विषय किडनीचाच आहे पण.

माझा मोठा भाऊ काळी-पिवळी चालवायचा. वय 44. अडीच वर्षं डायलिसिसवर होता, दर सोमवारी आणि गुरुवारी. एका सोमवारी सकाळी सहाच्या एसटीसाठी स्टँडवर उभा होता, वहिनी पिशवीतून सुट्टे काढत होती, तेवढ्यात हा खाली बसला आणि गेला. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात फिस्टुला करतात, शीर आणि धमनी जोडून, त्यावर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं, आणि वहिनी रोज रात्री झोपायच्या आधी हात लावून बघायची की चालू आहे ना. त्या दिवशी पण तिने छातीला नाही, आधी तिथेच हात लावला.

सर्टिफिकेटवर लिहिलंय हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू. गावात सगळे म्हणतात किडनीने गेला. दोन्ही खरं आहे साहेब, आणि दोन्हीच्या मधे जे आहे ते तुमच्या खात्याच्या हिशोबात कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी चांगलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं रडगाणं आहे. 2016 ला केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणला, आपल्याकडे महात्मा फुले योजना आहेच, त्यामुळे दादाला अडीच वर्षांत डायलिसिसचे पैसे द्यावे लागले नाहीत. आमच्यासारख्याला ते परवडलंच नसतं. सिस्टर लोक पण चांगले होते. पण योजना मोजते काय, तर किती मशिन बसवल्या आणि किती डायलिसिस झाले. पेशंट कशाने मरतो ते कोणी मोजत नाही. आणि तो मरतो हार्टने. डायलिसिसवर असलेल्यांचे साधारण चाळीस ते पन्नास टक्के मृत्यू हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतात, हे जगभर माहीत असलेलं आहे. 1998 सालीच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की पंचविशी-तिशीतल्या डायलिसिस पेशंटला हार्टने मरायचा धोका पंचाहत्तरी ओलांडलेल्या साध्या माणसाइतका असतो. आणि ज्यांची किडनी अजून अर्धवट चालते, डायलिसिस लागलेलं नाही, त्यातले कितीतरी डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, आधीच हार्टने जातात.

का होतं असं, हे मी दादा गेल्यावर वाचत बसलो. मी काही डॉक्टर नाही, कृषी केंद्रात काम करतो, पण डॉक्टरला विचारून विचारून जे डोक्यात बसलं ते आमच्या भाषेत सांगतो. शेंगदाण्याचं तेल डब्यात उघडं राहिलं की खवट होतं ना, ते ऑक्सिजनमुळे होतं. तेच शरीरात होतं. आपल्या पेशी रोज ऑक्सिजन वापरतात, त्यातून थोडे फ्री रॅडिकल सुटतात, आणि ते आवरायला शरीराकडे अँटिऑक्सिडंट असतात, बरोबरीचा खेळ चालू राहतो. किडनी बिघडली की जो कचरा लघवीतून जायचा तो रक्तात फिरत राहतो, सूज धरते, आणि फ्री रॅडिकल वाढतात. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल, ते एलडीएल, खवट होतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आपलं शरीर स्वतः बनवतं, तो पण त्यात खर्ची पडतो, मग वाहिन्या कडक होतात आणि बीपी वाढतं. वरून फॉस्फरस वाढलेला, त्याने भिंतीत कॅल्शियम साचतं, म्हणजे रबरी पाइपचा सिमेंटचा पाइप. आणि त्या पाइपातून रक्त ढकलायला हार्ट जाड होत जातं.

मग डायलिसिस सुरू केलं की हे थांबतं का, तर नाही. रक्त बाहेर काढून फिल्टरमधून फिरवतात तेव्हा पांढऱ्या पेशी चवताळतात आणि अजून फ्री रॅडिकल सोडतात, व्हिटॅमिन सी सारख्या कामाच्या गोष्टी पाण्याबरोबर धुवून जातात, आणि रक्त कमी म्हणून शिरेतून जे लोह देतात त्यानेही यात भर पडू शकते. म्हणजे डायलिसिस करू नये असं नाही, त्याशिवाय दादा पंधरा दिवस टिकला नसता. पण नुसतं मशिन दिलं की आपलं काम झालं असं समजू नका एवढंच.

आता सोमवारचं सांगतो. गुरुवारी डायलिसिस झालं की शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस पाणी आणि पोटॅशियम अंगात साचतं. वहिनी एका स्टीलच्या लोट्यात दिवसभराचं पाणी मोजून ठेवायची, आणि त्यातलाच अर्धा कप चहाला. दादा मे महिन्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. तरी सोमवारी वजनकाट्यावर साडेतीन-चार किलो जास्त भरायचं, आणि ते सगळं पाणी चार तासांत ओढून काढायचं म्हणजे हार्टवर काय ताण येत असेल बघा. अमेरिकेत आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होतं, तिथे 32 हजारांहून जास्त पेशंटचा डेटा 2011 साली छापून आला, त्यात दोन दिवसांच्या मोठ्या गॅपनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हार्टचे झटके बाकी दिवसांपेक्षा जास्त होते. तिथे दोन दिवसांच्या गॅपने हे, आमच्या दादाला तीन दिवस. आठवड्यातली तिसरी पाळी मागितली तेव्हा सेंटरवर सांगितलं स्लॉट नाही, वेटिंग आहे. त्यांचं पण खोटं नव्हतं, बाहेर बाकावर माणसं बसलेली दिसत होती. अडीच वर्षांत दादाचा ईसीजी एकदाच निघाला आणि टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, एकदाही नाही.

पण साहेब, खरा राग मला याचा नाही. खरा राग फाईलच्या पहिल्या कागदाचा आहे.

दादा 40 चा असताना तालुक्याला एक शिबिर झालं. मांडव होता, बॅनर होता, बिस्किटं होती. बीपी निघालं 160, शुगर निघाली. एका लॅबने फुकट रक्त तपासलं, त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, 1.6. कोणीतरी म्हणालं थोडं वाढलंय, पाणी जास्त प्या. बस्स. आता मी हिशोब करून बघितला, 40 वर्षाच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.6 म्हणजे किडनी गाळायचा वेग, ईजीएफआर म्हणतात ते, 55 च्या आसपास येतो. नॉर्मल 90 च्या वर. म्हणजे तेव्हाच एवढं काम कमी झालेलं होतं. कागदावर 1.6 वाचून कोणाला काय कळणार, एक पॉइंट सहा, किती छोटा आकडा वाटतो. त्याच कागदावर 55 छापला असता तर दादासारखा आठवी पास माणूसपण घाबरला असता. हा आकडा काढायला वेगळं रक्त लागत नाही, मशिन लागत नाही, वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन टाकलं की कॉम्प्युटर काढतो. तुम्ही एक जीआर काढा की सरकारी असो का प्रायव्हेट, प्रत्येक लॅबने क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापायचाच. याला किती पैसे लागतात सांगा बरं?

आणि लघवी. त्या शिबिरात लघवी कोणी तपासलीच नाही. लघवीतला अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रोटीन, आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघतात, एसीआर म्हणतात, किडनी बिघडायला लागली हे त्यात फार लवकर दिसतं, आणि हार्टचा धोकासुद्धा त्यातच दिसतो. तिशीच्या वरच्यांच्या बीपी-शुगर तपासणीचे फॉर्म भरायला आशाताई घरोघरी जातात, एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाच्या 2023 च्या कागदात किडनीचा आजार पण आहे, मग शुगर-बीपी सापडलेल्या माणसाची वर्षातून एकदा ही लघवीची तपासणी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, का नाही होत? दादाला ती चार वर्षांत एकदाही सांगितली नाही. उलट गाडी चालवून कंबर धरायची म्हणून तो मेडिकलमधून दुखण्याची गोळी घ्यायचा, कधी रोज एक, कधी दोन. त्या गोळ्यांनी किडनीला अजून मार बसतो हे त्याला पहिल्यांदा सांगितलं ते डायलिसिसच्या टेक्निशियनने.

लवकर कळण्याला एवढं महत्त्व का, तर उशिरा दिलेलं औषध चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीचंच उदाहरण घ्या. आधीच डायलिसिसवर असलेल्या शुगरवाल्यांना देऊन बघितली जर्मनीत, 2005 ला निकाल आला, हार्टमध्ये म्हणावा तसा फरक नाही. 2009 च्या दुसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये पण नाही. पण 2011 च्या शार्प ट्रायलमध्ये नऊ हजारांवर किडनी पेशंट होते, त्यातले बहुतेक अजून डायलिसिसवर गेलेले नव्हते, तिथे स्टॅटिन आणि एझेटिमिब हे कोलेस्टेरॉलचंच दुसरं औषध जोडून दिल्यावर झटके-स्ट्रोक साधारण सहाव्या हिश्शाने कमी झाले. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या 2020 आणि 2022 च्या ट्रायलनंतर किडनीसाठी पण देतात, शुगर नसलेल्यालासुद्धा, किडनी उतरायचा वेग कमी होतो. पहिलीचं पेटंट आपल्याकडे 2020 ला संपलं, दुसरीचं मार्च 2025 ला, भाव धाडकन खाली आले. आता ही गोळी तालुक्याच्या मेडिकलला मिळते आणि आमच्या पीएचसीच्या कपाटात नाही, हे काय गणित आहे ते मला कळत नाही.

अजून एक, हे जरा विषय सोडून वाटेल. दादा आजारी पडल्यावर आमच्याकडे "किडनी डिटॉक्स", "अँटिऑक्सिडंट ज्यूस" विकणाऱ्यांची रांग लागली. अडीच हजाराची बाटली मी पण आणली, खोटं कशाला बोलू. नंतर वाचलं की मोठमोठ्या डॉक्टरांनाही खवटपणावर थेट औषध सापडलेलं नाही. इस्रायलमध्ये 2000 साली 196 डायलिसिस पेशंटमध्ये व्हिटॅमिन ईने हार्टचे त्रास कमी झाले होते, पण किडनी थोडी बिघडलेल्यांच्या मोठ्या अभ्यासात त्याच ई व्हिटॅमिनचा फायदा दिसला नाही. बार्डोक्सोलोन नावाचं औषध यावरच मारा करायला काढलं होतं, 2012 ला ट्रायल मधेच बंद करावी लागली कारण हार्ट फेल्युअर वाढलं. व्हिटॅमिन सी जास्त घेतलं तर किडनी पेशंटमध्ये ऑक्झलेट नावाचा क्षार साचतो. आणि हा बाटलीवाला म्हणतो तीन महिन्यात क्रिएटिनिन खाली. राज्याचं एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, अशा बाटल्या तपासतं का, तेवढं बघा.

2025 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेत किडनीवर पहिल्यांदा ठराव झाला, आपलं पण सरकार तिथे असतंच. ठराव जिनिव्हात झाला, लघवीची डबी आमच्या उपकेंद्रात कधी येते ते सांगा. आणि डायलिसिस सेंटरला वर्षातून एकदा टूडी इको, दर तीन महिन्यांनी ईसीजी, तिसरी पाळी, आणि पेशंट गेला तर कोणत्या वारी गेला, शेवटचं डायलिसिस कधी झालं होतं एवढं एका रजिस्टरमध्ये लिहायला लावा. वर्षभराने ते रजिस्टर तुम्हीच उघडून बघा, सोमवार किती येतात.

दादाची फाईल माझ्याकडे आहे, पिवळी, क्रमाने लावलेली, शिबिराच्या कागदापासून सर्टिफिकेटपर्यंत. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, शेगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतो. पास मिळवून द्या आणि पंधरा मिनिटं द्या, पहिला कागद दाखवतो.

आपला,
घाटाखालचा एक भाऊ